पहिलीत नाव घालण्याआधी: आमच्या जिल्हा परिषद शाळेबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मे महिन्यात शाळेला कुलूप असतं, पण प्रश्नांना सुट्टी नसते. आंब्याच्या पेट्या भरताना, मासळीच्या लिलावात, लग्नाच्या मांडवात कुणीतरी गाठतंच: "बाई, झिलाचा नाव कधी घालू?" आमची शाळा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या वाडीत आहे. पहिली ते पाचवी, दोन शिक्षकी, चिऱ्याची भिंत आणि वर कौलं. मी मुख्याध्यापिका, पलीकडच्या खोलीत गुरुजी. तीच ती उत्तरं देऊन आम्हा दोघांची पाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. प्रवेशाचे नियम राज्यभर सारखेच आहेत. वर्गातल्या गोष्टी मात्र आमच्या शाळेच्या.

पहिलीसाठी वय किती लागतं?

ज्या वर्षी नाव घालायचं त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे २०२६-२७ या वर्षासाठी मूल ३१ डिसेंबर २०२० किंवा त्याआधी जन्मलेलं हवं. जानेवारीत जन्मलेल्या मुलांच्या आया हळहळतात, पण तारीख सरकवणं आमच्या हातात नाही.

आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे, पण शंभरपर्यंत मोजते. घ्याल का?

नाही. कौतुक जरूर करू, पण नाव अंगणवाडीतच राहू दे. आमची अंगणवाडी शाळेच्या आवारात आहे. तिथल्या सेविकाताई गाणी, मणी ओवणं, पाटीवर रेघोट्या असं जे घेतात त्यातच पहिलीची तयारी होते. शंभरपर्यंत म्हणणं वेगळं आणि टोपलीतले सात लिंबू मोजून देणं वेगळं. आम्ही पोरांना लिंबू मोजायला लावतो.

एप्रिलमध्ये अंगणात टेबलं मांडून काय चाललं होतं? प्रवेश परीक्षा घेता का?

तो 'पहिले पाऊल'चा मेळावा. २०२२ पासून राज्यातल्या शाळांत पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे हे मेळावे होतात. एका टेबलावर नावनोंदणी, दुसऱ्यावर उड्या आणि चेंडू, मग रंग, चित्रं, गोष्टी, मोजणी. शेवटी आईच्या हातात विकासपत्र देतो, सुट्टीत घरी काय खेळायचं ते समजावतो आणि जूनमध्ये पुन्हा पाहतो. यात पास-नापास नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी आहे. हा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. एखाद्या शाळेने तुमच्या पाच वर्षांच्या पोराला मुलाखतीला बसवलं असेल तर त्या शाळेला हे जरूर ऐकवा.

कागद काय काय आणायचे?

जन्माचा दाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. बँकेचं पासबुक नंतर दिलंत तरी चालतं. जातीचा दाखला पहिलीच्या प्रवेशाला लागत नाही.

जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्यातल्या किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, तेही नसेल तर पालकांचं वयाबद्दलचं स्वतःचं निवेदन चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. याच कोकणातल्या मुरूडहून धोंडो केशव कर्वे पावसापाण्यात शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला परीक्षेला गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. दिसण्यावरून वय ठरवण्याचा तो काळ संपला. तरी जन्माचा दाखला ग्रामपंचायतीतून काढून ठेवाच. आज अडलं नाही तरी पुढे कुठेतरी अडतंच.

आधार नसेल तर?

प्रवेश अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं आहे. मग आम्ही आधारसाठी तुमच्या मागे का लागतो? कारण आमची संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार याचा हिशेब, आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर होतो. वर्गात मूल बसलेलं दिसतं, खिचडी खातं, पण संगणकात आधार जुळत नसेल तर त्या हिशेबात ते धरलंच जात नाही. लहान शाळेत अशी दोन नावं गळली तरी फटका बसतो.

अगदी लहानपणी काढलेल्या बालआधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं झाली की ते द्यावे लागतात. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हे काम मोफत होतं. पहिलीत येताना उरकून टाका.

नाव आणि आडनाव कसं लिहायचं, त्यात एवढं काय?

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप याच रकान्याने दिला आहे. आपल्याकडे आजोबांच्या दाखल्यावर एक आडनाव, वडिलांच्या आधारवर गावावरून पडलेलं दुसरं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर दोन्हींपैकी एकही नाही, असं घरोघरी आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे चढतं ते मुलाला जन्मभर पुरतं. दहावीचं प्रमाणपत्र, जातपडताळणी, पासपोर्ट, सगळ्याची मुळं तिथे जातात. शाळा सोडल्यानंतर नोंद बदलायची तर वर्षवर्ष खेटे घालावे लागतात.

आमच्या कपाटात जुनी रजिस्टरं आहेत, पानं पिवळी पडलेली, वाळवीपासून वाचावीत म्हणून कडुनिंबाचा पाला घातलेली. पणजोबांच्या नावापुढचा जातीचा रकाना शोधत मुंबईहून माणसं येतात. बोरूने लिहिलेली एक ओळ सापडली की तिथेच डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा अर्ज भरताना घाई नको. जन्मदाखला समोर ठेवा, त्यातली वेलांटीसुद्धा तशीच लिहा, आणि आम्ही रजिस्टरमध्ये चढवल्यावर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून जा.

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असा शासनाचा निर्णय आहे. ही मुलं २०३० मध्ये आमच्याकडे येतील.

आम्ही मुंबई सोडून गावाला येतोय. मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यमात. जमेल का?

जमेल. वयाप्रमाणे जो वर्ग येतो त्यात आम्ही घेतो. जुन्या शाळेतून दाखला आणा, पण तो यायला उशीर झाला म्हणून मुलीला घरी बसवू नका. दाखल्यासाठी प्रवेश रोखता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मुंबईकडच्या एका खासगी शाळेने फी थकली म्हणून दाखला अडवून धरला. तीन महिने आमचे फोन चालू होते आणि मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून वर्गात होता.

मराठीचं म्हणाल तर पहिले दोन महिने जड जातात. अशीच एक मुलगी आली होती, इंग्रजी फडाफडा वाचायची आणि जोडाक्षर दिसलं की मान खाली. आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात मुलं रोज लिलावात काय आलं ते लिहितात: बांगडा, सरंगा, सौंदाळा, कर्ली. रफार ती 'कर्ली'वर शिकली. मासाही कर्ली आणि नदीही कर्ली, याची तिला भारी गंमत वाटली. दिवाळीपर्यंत तो फळा तीच लिहू लागली.

जून उलटून गेला. आता नाव घालता येईल?

वर्षभर केव्हाही येईल. मागे पडलेल्या मुलासाठी वेगळी तयारी करून घ्यायची, हेही कायद्यातच आहे.

बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातली मुलं, वीटभट्टीवर जाणारी मुलं, त्यांचं काय?

त्यांचंही नाव घालायचं. कागद असोत नसोत. हापूसच्या बागांतल्या गुरख्यांची मुलं आमच्याकडे आहेत. त्यांच्या आया विचारायला येत नाहीत, म्हणून बागमालकांना हात जोडून सांगते: तुमच्या बागेत शाळेच्या वयाचं मूल असेल तर आम्हाला एक फोन करा. हंगाम संपून ती गावी किंवा दुसऱ्या बागेत निघाली की त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे पुढच्या शाळेला मूल कुठवर आलंय ते कळतं. शाळेत दोन वर्षं काढलेली नेपाळी पोरं मालवणीत भांडतात, एवढं सांगितलं की पुरे.

खर्च किती?

फी नाही, देणगी नाही. पाठ्यपुस्तकं मोफत, पहिल्याच दिवशी हातात. गणवेश मोफत, तो यायला कधी उशीर होतो, म्हणून घरच्या कपड्यांत पाठवा. वह्या, छत्री आणि पायांत काहीतरी, एवढं तुमच्याकडे. थोरल्या भावाचं पहिलीचं जुनं पुस्तक मात्र जपून ठेवू नका, २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम आणि पुस्तकं बदलली. वरच्या इयत्तांचं टप्प्याटप्प्याने बदलतंय.

जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी येईल का?

हा प्रश्न विचारताना पालक आवाज खाली करतात, जणू आमचं मन दुखेल. दुखत नाही. राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. आमच्याकडे सेमी आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून. 'प्लस', 'मायनस', 'इक्वल' पोरांना चौथ्या दिवशी येतं. बोलण्याचं इंग्रजी बोलूनच येतं आणि त्यासाठी आम्ही रोज परिपाठानंतर दहा मिनिटं ठेवलीत. ती पुरेशी आहेत असा दावा करत नाही. पण पिवळ्या गाडीतून बारा किलोमीटर लांब जाऊन इंग्रजीत कविता पाठ म्हणणारी आणि तिचा अर्थ विचारला की गप्प होणारी मुलंही मी पाहिलीत. कोणत्याही शाळेत नाव घालण्याआधी तिथल्या तिसरीतल्या मुलाला न पाहिलेलं पान वाचायला द्या आणि काय कळलं ते विचारा. आमच्या शाळेतही हेच करा.

पहिलीपासून हिंदी आहे का?

नाही. २०२५ मध्ये तसे शासन निर्णय निघाले होते, ते २९ जून २०२५ ला मागे घेण्यात आले. आमच्याकडे हिंदी पाचवीत सुरू होतं.

पोरगं घरात मालवणीच बोलतं. शाळेत अडेल का?

अडू नये ही जबाबदारी आमची. गुरुजी घाटावरचे. पहिल्याच आठवड्यात एक चिमुरडा पुढे येऊन म्हणाला, "गुरुजी, माका घराक जावचा हा." गुरुजींनी समजुतीने मान डोलावली आणि पोर खरंच दप्तर उचलून घरी निघालं! आता ते मालवणी फर्डी समजतात. चित्रात खार दाखवली की मुलं 'चानी' म्हणतात. ते चूक नाही. आधी चानी फळ्यावर लिहायची, मग शेजारी खार. घरी मुद्दाम पुस्तकी मराठी बोलून मुलाला गोंधळात पाडू नका. घरात जे बोलता तेच भरपूर बोला, गजाली सांगा.

दोन शिक्षक आणि पाच वर्ग. शिकवता तरी कसं?

साठपर्यंत पट असेल तर पहिली ते पाचवीला दोन शिक्षक, हे कायद्यातलं प्रमाण आहे. आमचा पट पस्तिशीच्या आत. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, तिसरी ते पाचवी गुरुजींकडे.

सकाळी येऊन मागच्या बाकावर बसलात तर असं दिसेल: पहिलीची मुलं जमिनीवर शिंपल्यांचे दहा-दहाचे ढीग लावतायत. दुसरी पाटीवर हातच्याची बेरीज करतेय. मी पहिलीच्या ढिगांवरून फिरते, वळून दुसरीच्या पाट्या बघते. पलीकडे चौथीतली मुलगी तिसरीतल्या दोघांना धडा वाचून दाखवतेय आणि गुरुजी पाचवीला विचारतायत, पाच डझनांच्या आठ पेट्या तर आंबे किती? गोंगाट असतो. तो मी मोडत नाही. वेगळ्या इयत्तांनी एकत्र बसण्याचा फायदा असा की हुशार मूल वरच्या वर्गाचं ऐकून ऐकून शिकतं आणि मागे राहिलेलं खालच्या वर्गाबरोबर पुन्हा एकदा तेच करून घेतं. तोटाही आहे. दोघांपैकी एक प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या किंवा माहिती भरण्याच्या कामाला गेला की उरलेल्याची त्रेधा उडते. त्या दिवशी नीट शिकवणं होत नाही, हे कबूल करते.

परीक्षा नाही म्हणे, नुसतं वर ढकलतात?

अर्धंच खरं. पहिली ते चौथी आकारिक आणि संकलित मूल्यमापन असतं: तोंडी, लेखी, कृती, वर्षभर. नापास करून त्याच वर्गात ठेवत नाहीत. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलं तर जूनमध्ये पुन्हा संधी, तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. पाचवीच्या पालकांनी पोराला मे महिन्यात कलमांखाली झोपू द्यावं, पण त्याआधी निकाल बघून जावा.

शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी घेता का?

घेतो, शाळा सुटल्यावर तासभर, पैसे न घेता. २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला होती, ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्यामुळे चौथीच्या पालकांनी आतापासून लक्ष ठेवावं. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिची निवड परीक्षा पाचवीत असताना द्यायची, प्रवेश सहावीत. आपल्या जिल्ह्याचं नवोदय सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला, रत्नागिरीचं राजापूर तालुक्यात पडव्याला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या असतात. पण सगळ्याच मुलांना त्या चरकात घालू नका. वसतिगृहात राहण्याची मुलाची तयारी आहे का, हे त्याला विचारून अर्ज भरा.

दुपारी जेवायला काय?

पोषण आहार. शाळेत शिजतो, स्वयंपाकी ताई वाडीतल्याच. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, आणि सगळं मिळून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. उसळ-भात, वरण-भात, खिचडी, सोबत परसबागेतला माठ किंवा शेवगा. मासे नसतात. "मगे जेवतलंय काय?" असं एकाने पहिल्या दिवशी विचारलं होतं, आता तो मटकी दोनदा घेतो. शेंगदाण्याची किंवा कशाची अॅलर्जी असेल तर अर्जावर लिहा आणि ताईंनाही तोंडी सांगा.

पावसात व्हाळ (ओढा) भरला तर?

पाठवू नका. ही रजा मी गैरहजेरी म्हणून मनाला लावून घेत नाही. रेड अलर्टला जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, पण आपला साकव, म्हणजे व्हाळावरचा छोटा पूल, अलर्ट बघून पाण्याखाली जात नाही. वरच्या वाडीतल्या मुलांसाठी ठरलंय असं: साकवाच्या कठड्याची खालची फळी दिसेनाशी झाली की कुणीही ओलांडायचं नाही. संध्याकाळी पाणी चढलं तर मुलं शाळेतच थांबतील, आम्हीही थांबू. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं व्हावं लागतं, तेव्हा बुडालेले दिवस पुढे शनिवारी भरून काढतो.

गणपतीत सुट्टी किती?

घाटावरच्यापेक्षा जास्त! वर्षाच्या एकूण सुट्ट्या ७६ च्या वर जाता कामा नयेत, म्हणून गणपतीला वाढवलेले दिवस दिवाळीतून कापले जातात. गौरी-गणपतीत कोकणात शाळा भरवून वर्गात येणार तरी कोण? नेमक्या तारखा जूनच्या पालकसभेत सांगतो.

मुलाला ऐकू कमी येतं. वेगळी शाळा लागेल का?

आधी आमच्याकडे या. दिव्यांग मुलाला शेजारच्या शाळेत बाकी मुलांबरोबर शिकण्याचा हक्क आहे, आणि २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. तालुक्यातून विशेष शिक्षक ठरावीक दिवशी येतात, श्रवणयंत्र किंवा खुर्ची मिळवून द्यायला मदत करतात. दरवर्षी आरोग्य पथक सगळ्या मुलांची तपासणी करतं. ज्याला सगळे ढ म्हणत होते तो निव्वळ फळा दिसत नाही म्हणून गप्प होता, असं त्या तपासणीत दोनदा निघालं. दोघांनाही पहिल्या बाकावर आणलं, चष्मे आले.

पट कमी आहे. शाळा बंद होणार का?

घरोघरी हीच भीती. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूहशाळांचं उदाहरण देऊन. पण पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम आजही आहे. माझं म्हणणं एवढंच की 'शाळा बंद होईल' म्हणून लांब नाव घालणारी पाच घरंच शाळा बंद पाडतात.

शाळेत काही पटलं नाही तर कुणाकडे बोलायचं?

आधी माझ्याकडे. मग शाळा व्यवस्थापन समितीकडे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्याच लागतात. त्यानंतर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. मुलाला मारलं किंवा टाकून बोललं तर मात्र पायऱ्या मोजत बसू नका. ते कायद्याने बंद आहे, थेट लेखी द्या. समितीच्या सभेला या. कौलं गळतात हे मला एकटीला सांगून गळायची थांबत नाहीत, सभेच्या वहीत ठराव लागतो. गेल्या पावसात पहिलीच्या वर्गात तीन बादल्या होत्या.

पाचवीनंतर पुढे काय?

तीन किलोमीटरवर हायस्कूल आहे. मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. मुलग्यांना सवलतीत. सकाळची गाडी वेळेवर येते, संध्याकाळची येईल तेव्हा.

नाव घालायला नेमकं कधी यायचं?

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते. साडेदहा ते पाच, शनिवारी सकाळची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, त्यामुळे एरवी न दिसणारे बाबाही घरी असतात. त्यांनाही आणा. आणि मुलाला आणायला विसरू नका. कागद घेऊन एकटे येणारे पालक बरेच असतात. अर्ज तुम्ही भराल तोवर मूल वर्गात बसेल. मागच्या दाराशी जांभळाचं झाड आहे, जूनमध्ये खाली सडा असतो. पांढरे कपडे घालून पाठवू नका.